हार आमच्याकडून

मंडल ऑफिसात क्लार्क असलेल्या खुशालनं आदिलाबादच्या नव्या घरात लावायला म्हणून आईचा फोटो मोठा करायला टाकला होता. तो न्यायला आला, तेव्हा स्टुडिओवाल्या गंगाधररावांनी फ्रेम पुसली, आतून चंदनाचा हार आणला आणि फोटोला घातला.

"याचे पैसे नाही घेत मी. माही माय गेली तवापासून ठरवलं, कोनी आईचा फोटो न्यायले आलं का हार आमच्याकडून."

आई जिवंत आहे, तासाभराच्या वाटेवर भीमपुरात एकटी राहते, हे सांगायला खुशालनं तोंड उघडलं. पण गंगाधररावांचे डोळे भरून आले होते.

"किती दिवस झाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"दीड वर्ष," खुशाल म्हणाला. दीड वर्षापूर्वी तो आईला शेवटचा भेटला होता.

गंगाधररावांनी फोटोपुढे हात जोडले. खुशालला ते बघवेना. "उद्या नेतो फोटो," एवढं कसंबसं बोलून तो बाहेर पडला आणि घरी न जाता भीमपूरच्या बसमध्ये बसला.

बयनाबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. लेक येताना दिसला तसं तिनं सूप खाली ठेवलं आणि गुडघ्यावर हात टेकून घाईनं उठली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"असा एकाएकी काऊन आला, बापू?" तिनं विचारलं. "कोन गेलं?"