नऊ नंबरचा हट्ट

“मी नाही जेवनार! त्या राजेगावच्या पोरीले बोलवा, तवाच तोंड उघडीन.”

नऊ नंबरच्या पलंगावर विमलाबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. ज्योत्स्ना सिस्टर खिचडीची वाटी घेऊन नुसतीच उभी. लामता गावची ही सत्तरीची म्हातारी कालपर्यंत गुमान जेवत होती. आज सकाळी काय झालं, कुणास ठाऊक.

राजेगावची पोरगी म्हणजे दीपिका. वय तेवीस, पहिलीच नोकरी. बालाघाटातल्या मुलींच्या वसतिगृहात कोविडचा वॉर्ड उघडला, तेव्हा ती इथे नर्स म्हणून लागली होती. या घडीला ती खालच्या खोलीत आपली बॅग भरत होती.

काल दुपारी चार नंबरचा पेशंट तिचा हात धरूनच गेला. तिच्या भावाएवढा. त्याची बोटं तिला एकेक करून सोडवावी लागली. संध्याकाळी तिने इन्चार्ज सत्यभामा सिस्टरांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. तसं ती रोजच भीत होती. उठल्या उठल्या कांदा फोडून वास घ्यायची. वास आला की आजचा दिवस आपला. वर घरून वडिलांचा फोन. “बेटा, जीव राह्यला तं नोकऱ्या पन्नास भेटतीन. येऊन जाय.”

सत्यभामा सिस्टरांनी कागद वाचून घडी घातली होती. “जाय बाई. मी कोनाले बांधून नाही ठेवत.”

आता त्याच सिस्टर तिच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“निघून राह्यली? जाता जाता नऊ नंबरच्या बुढीले दोन घास चारून जाय. नाहीतर नाकातून नळी टाका लागंन.”

दीपिकाने बॅग खाली ठेवली. पांढरं पीपीई किट चढवलं, डोळ्यांवर चष्मा, हातात दुहेरी मोजे, आणि वर गेली.

“आजी, काहून असं करता?”

“अशीच हाय मी. दे घास.”

विमलाबाई सावकाश चावत राहिल्या. मधेच मास्क लावून दम घेतला, मग तुटक्या श्वासात गुणगुणल्या,

“पांढरी गं बगळी, उतरली धानात,
नको उडू बाई, वारं भरून कानात.”

दीपिकाला हसू आलं. कालपासून पहिल्यांदाच.

“संध्याकाळी येजो. नाही आली तं मी उपाशी.”

संध्याकाळी ती पुन्हा वर भरवायला गेली. उद्या निघू, असं तिने घरी कळवलं. दुसऱ्या दिवशीही तेच कळवलं. विमलाबाईंचा हट्ट काही सुटेना. दुसऱ्या कुणी वाटी आणली की तोंड भिंतीकडे.

एकीला भरवायला जायचं म्हणजे वाटेत आठ पलंग लागत. कुणी पाणी मागे, कुणाला घरी व्हिडिओ कॉल लावून हवा असे. हिरालालकाका रोज विचारत, “सिस्टर, मी वाचीन नं?” ती रोज सांगे, “हौ काका, तुमाले काय धाड भरली!” स्वतःच्याच आवाजातला धीर ऐकून तिला नवल वाटे.

सहाव्या दिवशी हिरालालकाकांचा ऑक्सिजन एकदम उतरला. डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर. दीपिकाने ज्योत्स्नाला हाक मारली, दोघींनी मिळून त्यांना पालथं केलं, ऑक्सिजनची धार वाढवली, उशी छातीखाली सारली. वीस मिनिटं ती त्यांच्या पाठीवर हात ठेवून ऑक्सिमीटरवरचा आकडा बघत उभी होती. आकडा चढला. डॉक्टर धावत आले तेव्हा करायला फारसं उरलंच नव्हतं.

कधीतरी आंघोळ करताना तिच्या लक्षात आलं, दोन दिवसांत कांदा फोडलेला नाही.

डॉक्टर विमलाबाईंना तपासून हसले. “अम्मा तो तगड़ी हो रही हैं। दीपिका, ये सब तुम्हारे हाथ का असर है।”

बाराव्या दिवशी विमलाबाईंना सुट्टी मिळाली. दीपिकाने त्यांचे केस विंचरून दिले, लुगड्याचा पदर नीट केला.

“आजी, घरी कोनाच्या हातानं जेवसान?”

“पाहीन आता. भूक मोठी वस्ताद असते, पोरी.”

दीपिकाने सत्यभामा सिस्टरांना बाजूला घेतलं. “सिस्टर, तो माहा कागद...”

“कोनता कागद?” त्यांनी विचारलं. तेवढ्यात तीन नंबरवरून कुणीतरी हाक मारली आणि दीपिका धावली.

सत्यभामा सिस्टरांनीच व्हीलचेअर फाटकापर्यंत ढकलत नेली. विमलाबाईंचा मुलगा प्रीतम गाडीचं दार उघडत होता. विमलाबाईंनी मागे वळून पाहिलं, आसपास वॉर्डातलं कुणी नाही याची खात्री केली आणि आवाज उतरवला.

“थांबंन नं आता पोरगी?”

“थांबंन, माय.”

“मंग बरं झालं. तुह्या सांगन्यापायी बारा दिवस चोरून पयले तुह्या हातचं जेवली, अन् वरतून तिच्या हातचं. दोन-दोनदा जेवून मले लुगडं पुरून नाही राह्यलं!”