कुणाच्या गाडीत?

सेफुने माइकवर नुसतं "कुणाच्या..." म्हटलं आणि अख्खं मैदान उठून उभं राहिलं. रुकियाची आई मात्र चटईवर बसून राहिली. हे गाणं लागलं की तिला नेहमी काहीतरी काम आठवायचं. लग्नात लागलं तर ती भांडी घासायला जायची. आज मात्र झैतुनी आणि हिदाया या दोघी मैत्रिणींनी तिला दंडाला धरून आणलं होतं. तिघींनी एकाच ताग्यातले झगे शिवले होते, हिरव्यावर पिवळे मोर. म्हणजे ही पळाली तरी गर्दीत सापडेल, असं झैतुनीचं म्हणणं.

गाणं सगळ्यांना तोंडपाठ. स्टुमाई नावाची मुलगी, तिच्यावर जीव टाकणारा गायक, आणि एके सकाळी ती गाडीत बसून निघून जाते. "कुणाच्या गाडीत बसलीस, स्टुमाई, कुणाच्या गाडीत?" सेफु विचारायचा आणि पुढे गिटार वाजायची. उत्तर गाण्यात नव्हतंच. ते लोकांनी कधीच ठरवून टाकलं होतं: श्रीमंताची गाडी, दुसरं काय. तेव्हापासून इथे मोरोगोरो शहरात घर सोडून निघालेल्या कुठल्याही मुलीला 'स्टुमाई' म्हणतात.

आणि रुकियाच्या आईचं नाव होतं स्टुमाई. पोर झालं की बाईला पोराच्या नावाने हाक मारायची, ही रीत तिच्या चांगलीच पथ्यावर पडली. किलोसा गावची ती मुलगी मोरोगोरोला नोकरीवर आली तेव्हा रुकिया कडेवर होती. दवाखान्यात सिस्टर, बाहेर रुकियाची आई. खरं नाव कुणी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. जन्मभर कमावलेल्या मानाचं एका गाण्यापायी हसं होईल, ही तिची भीती. ती निवृत्त झाली तरी ही भीती गेली नव्हती.

"मेली असेल ती स्टुमाई एव्हाना," झैतुनी भाजलेलं मटण चावत म्हणाली. "बिचारा सेफु. बघ, अजून गळा दाटतो त्याचा."

"बिचारा म्हणे," हिदाया म्हणाली. "बायकोला इथे आईजवळ टाकून हा दारेसलामला गात फिरायचा. तो गिटारवाला बराका आहे ना, सेफुचाच धाकटा मुलगा? तो जन्मला तेव्हा बाप कुठे होता, विचार जरा."

झैतुनीची नात मायमुना गुडघ्यांत डोकं घालून बसली होती.

"ही का नाही नाचत?" रुकियाच्या आईने विचारलं.

झैतुनीचा चेहरा उतरला. "डोडोमाच्या कॉलेजात नंबर लागलाय तिचा. पण शेजारचा तो जुमान्ने चारचौघांत 'चालली बघा स्टुमाई' म्हणतो. आता जायचंच नाही म्हणून बसलीय."

"कुणाला हवंय ते नाव?" मायमुना मान वर न करता म्हणाली.

रुकियाच्या आईला राग आला. स्वतःसाठी तो इतका कधीच आला नव्हता. तिने डोक्यावरच्या ओढणीच्या गाठीतून एक नोट काढली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"अगं, निघालीस कुठे?" हिदायाने विचारलं.

"बक्षीस द्यायला."

झैतुनी आणि हिदाया एकमेकींकडे बघतच राहिल्या. मग त्याही नाचत तिच्या मागे निघाल्या. मैत्रिणीला अशा कामाला एकटं कसं सोडायचं? लोकांनी वाट दिली. "सिस्टर! सिस्टर!" करत कुणीतरी तिला हात देऊन मंचावर चढवलं. गायकाच्या घामेजल्या कपाळावर नोट चिकटवायची आणि देणाऱ्याचं नाव त्याने पुढच्या ओळीत घालायचं, हा इथला रिवाज. तिने नोट चिकटवली. म्हाताऱ्या सेफुने वाकून कान पुढे केला.

"नाव, ताई?"

"स्टुमाई."

तो हसला. "थट्टा करता का गरिबाची?"

"किलोसाची स्टुमाई," ती म्हणाली. "इतकी वर्षं विचारतोयस ना? दे तो माइक."

आता त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. कपाळावरची नोट गळून पडली. तिने त्याच्या हातातून माइक काढून घेतला तरी त्याला कळलं नाही. मागे बराकाची गिटार चालूच होती, उत्तराच्या जागी वाजायची तशी.

"ती स्टुमाई मीच," ती म्हणाली. "गाडी सरकारी होती. सुईणकाम शिकायला मुली न्यायला आली होती. याला सांगूनच गाडीत बसले मी. हा म्हणाला, लग्न कर नाहीतर तोंड दाखवू नकोस. मी गेले."

मंचाखाली झैतुनी तोंडावर हात ठेवून उभी होती. बराका खाली मान घालून हळूहळू तारा छेडत होता.

"तुम्ही सगळे मला विचारत आलात, कुणाच्या गाडीत," ती म्हणाली. "आता मी विचारते. माझ्या हातावर जन्मलेल्यांनी हात वर करा."

पहिला हात मायमुनाचा. ती उठून चटईवर उभी राहिली होती. मग मटण भाजणाऱ्याचा, तिकिटं फाडणाऱ्याचा, पोटाशी लेकरू बांधलेल्या तीन बायांचा. कुंपणाजवळ जुमान्नेने इकडेतिकडे पाहिलं आणि त्यानेही लाजत हात वर केला. झैतुनी ओरडली, "माझ्या पाचही पोरांचे धरा." मग मोजायची सोयच उरली नाही. जिकडे बघावं तिकडे हातच हात होते, आणि रुकियाच्या आईला इतका आनंद झाला की पुढे काय बोलायचं तेच ती विसरली.

तेवढ्यात गिटार थांबली. सेफुने चिडून मागे पाहिलं.

बराकाचा हात वर होता.