जोडीदार

सिनेमा सुटला, तशी दारात माइक घेऊन उभी असलेली मुलगी एकेकाला गाठू लागली. दोन पोलिसांची जोडी कुणाला झकास वाटली, कुणाला रक्तपात जरा अतीच वाटला. सगळ्यांच्या मागून निवृत्त फौजदार एकटेच बाहेर आले.

“काका, तुम्हाला कसा वाटला?”

“मारामारी दणक्यात आहे. पण गोळी लागलेला माणूस इतकं बोलत नाही गं.”

मुलगी हसली. “मग काय करतो?”

“माझा जोडीदार एवढंच म्हणाला, ‘मला आता बोलवत नाही. तू बोलत राहा.’”

तिचं हसू मावळलं. “मग?”

“मग काय, माझ्या मांडीवरच गेला. मी बोलतोय अजून. आता घरी जाऊन त्याला हा सिनेमा सांगायचाय.”