डोक्याच्या बाई

“ज्यांना ज्यांना बाईंचा उपयोग झाला, त्यांनी पुढे यावं,” मुख्याध्यापक माईकवर म्हणाले. “दोन शब्द बोला. संकोच नको.”

सभागृहात कुणी हललं नाही.

स्टेजवर बाई मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन बसल्या होत्या. त्या शाळेच्या मानसतज्ज्ञ. शिक्षकांच्या खोलीत त्यांना ‘डोक्याच्या बाई’ म्हणत; खेळाचे सर हातापायांचे, तशा या डोक्याच्या. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण त्यांच्या कानावर सगळं यायचं. आज त्या निवृत्त होत होत्या.

त्यांचा एक नियम होता. त्यांच्या खोलीत मन मोकळं करून गेलेलं मूल बाहेर जिन्यात, फाटकाशी, बाजारात कुठेही समोर आलं, तरी आपण होऊन ओळख दाखवायची नाही. त्यानं हाक मारली तर थांबायचं, नाहीतर सरळ पुढे निघून जायचं. डोकं फिरलेलं पोर, असा शिक्का कुणावर बसायला नको. कितीतरी आईबापांना बाई शिष्ट वाटल्या. वाटू देत, म्हणत त्यांनी नियम जन्मभर पाळला, आणि आज तो त्यांच्याच मुळावर उठला होता.

कारण गेले कित्येक दिवस त्या मुख्याध्यापकांच्या हातापाया पडत होत्या. माझ्या जागी कुणीतरी नेमा, निदान खोली तरी बंद करू नका. सातवीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत येऊन नुसती बसते, अजून तोंड उघडलेलं नाही, ती कुठे जाईल? “बघू,” मुख्याध्यापक म्हणायचे. “निरोपाच्या दिवशी लोकच सांगतील, गरज आहे की नाही ते.”

बाईंनी समोर पाहिलं. गणिताच्या शिक्षिका याच शाळेत शिकलेल्या. एक अख्खं वर्ष त्यांनी बाईंच्या खोलीत रडून काढलं होतं. त्या पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. पालक समितीच्या अध्यक्षांच्या मुलाला बाईंनी एका संध्याकाळी गच्चीवरून हाताला धरून खाली आणलं होतं. अध्यक्ष मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते. अगदी मागे, खांबाला टेकून, ती सातवीतली मुलगी उभी होती.

“बघा,” मुख्याध्यापक हसले. “आपली मुलं मुळातच खंबीर. मी इथलाच विद्यार्थी. मला तर ती खोली कुठे आहे हेसुद्धा माहीत नव्हतं!”

हशा पिकला. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवीतला तो मुलगा त्यांना लख्ख आठवत होता. शर्ट वर करून त्यानं पाठीवरचे बापाच्या पट्ट्याचे वळ दाखवले होते. भीती दाटून आली की अंगठा एकेका बोटाला टेकवायचा, करंगळीपासून, सावकाश, हे त्याला बाईंनीच शिकवलं होतं.

“तर सोमवारपासून त्या खोलीत शाळाभरच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचे स्क्रीन लागतील,” मुख्याध्यापक म्हणाले. “आता मुलांना काही विचारत बसायला नको. सगळं दिसेलच.”

टाळ्यांमध्ये ती मुलगी बाहेर निघून गेली. ते बाईंशिवाय कुणाला दिसलं नाही.

“बाई, बोलणार ना तुम्ही?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

बाई उठल्या, माईक घट्ट धरला. एक वाक्य पुरलं असतं. मुख्याध्यापक खुर्चीत बसले, चेहऱ्यावर हसू तसंच. बाईंची नजर टेबलाखाली गेली. मुख्याध्यापकांचा डावा हात मांडीवर होता. अंगठा करंगळीला टेकला, मग शेजारच्या बोटाला, मग मधल्या.

“सर म्हणतात ते खरं आहे,” बाई माईकवर म्हणाल्या. “माझ्याकडे कधीच कुणी आलं नाही.”

त्यांनी माईक ठेवला, आणि मुख्याध्यापकांच्या खुर्चीजवळून, जिन्यात गाठ पडल्यासारख्या, ओळख न दाखवता सरळ पुढे निघून गेल्या.