उशाखालचा विळा

बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड हवं, या रीतीने कौसाबाईने लेकीच्या उशाखाली विळा ठेवला होता. विळ्यावर गंज न चढू देणारा लेप देणाऱ्या कंपनीचा साहेब तपासणीला आला, तेव्हा तिने तो काढून दाखवला.

"बघा मावशी, आमच्या लेपातल्या जंतूंची कमाल! गंजाचा ठिपका नाही. झिजलेलं लोखंडसुद्धा तेच भरून काढतात."

"लोखंड आणतात कुठून?"

"जवळपास मिळेल तिथून."

कौसाबाईने पांढऱ्याफटक लेकीकडे पाहिलं. महिनाभर गोळ्या खाऊनही तिच्या रक्तात लोह टिकत नव्हतं. कौसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मेल्या, माझ्या लेकीचं रक्त पाजलंस होय याला? घे, आजपासून तुझ्या उशाखाली ठेव!"

तिने विळा पुढे करताच साहेबाने चटकन हात मागे घेतला.