येतो मंग

"तुम्ही कोणत्या विमानातून उतरलात? आम्ही सकाळपासून दारात उभे आहोत," फोनमधून पुस्तकी मराठी ऐकू आली आणि प्रेमदासच्या हातातला चहा शर्टावर सांडला.

बोलत होत्या व्हिएतनामच्या लानबाई. मराठी तेवढी फोनची होती. पडद्यावर विमानतळ दिसत होतं. फुलं घेतलेली चार माणसं, मध्ये नटूनथटून आलेल्या लानबाई, आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत प्रेमदासचं नाव. प्रेमदास मात्र वर्ध्यात, आपल्याच शेडमध्ये, बनियन दिसेल इतकी बटणं उघडी टाकून बसलेला.

प्रेमदास हळद पॉलिश करायचे ड्रम बनवायचा. लानबाई तिकडे हळद सुकवायची यंत्रं बनवायच्या. छोट्या उद्योजकांच्या एका ऑनलाइन मेळाव्यात दोघांची गाठ पडली, आणि दोन्ही यंत्रं जोडीनं विकायचं घाटू लागलं. एकमेकांच्या भाषेचा दोघांनाही गंध नव्हता. एकानं आपल्या भाषेत बोलायचं, फोननं ते दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं. असा संसार सुखानं चालला होता. तो टिकणं प्रेमदासला भागच होतं. एका मोठ्या कंपनीनं तसलेच ड्रम बाजारात आणल्यापासून त्याच्याकडे गिऱ्हाईक फिरकेनासं झालं होतं. हे जोडकाम हुकलं की शेडला कुलूप, हे त्यालाही माहीत होतं आणि वेल्डिंग करणाऱ्या गुलाब आणि अश्वजितलाही.

मागच्या खेपेला लानबाई म्हणाल्या होत्या, एकदा आमचा कारखाना बघा. प्रेमदास "पाहू" म्हणाला. मग उठता उठता, जन्माच्या सवयीनं, म्हणाला, "सोमवारी बोलू. येतो मंग."

फोननं त्यातलं 'बोलू' गाळलं असावं. आज सोमवार होता.

"तुमी काय म्हनलं होतं त्यायले?" शेजारी बसलेल्या अन्नपूर्णानं दबक्या आवाजात विचारलं.

"येतो म्हनलं."

"मंग बरोबरच म्हनलं. जातो म्हनाव का? जाते तं मानूस एकदाच."

बायकोचा निकाल बिनतोड होता, पण तो व्हिएतनामला कसा कळवायचा? थाप मारावी, विमान चुकलं म्हणावं, असं प्रेमदासच्या मनात आलं. पण समोरच्या माणसांच्या हातातली फुलं मान टाकू लागली होती. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं खरं तेच सांगितलं. "बाई, मी निघालोच नाई. आमच्याकडं उठतानी जातो म्हनत नाई, येतो म्हनते. जातो म्हनलं का अपशकुन होते."

फोननं ते तिकडे कसं सांगितलं देव जाणे. चार माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. लानबाईंनी फोन तोंडाजवळ नेला.

"निघताना तुम्ही येतो म्हणता," फोन म्हणाला. "मग खरोखर येणार असता तेव्हा काय म्हणता?"

"काईच नाई म्हनत," प्रेमदास बोलून गेला. "सीधे जाऊन दारात उभे राह्यतो."

अन्नपूर्णानं कपाळाला हात लावला. पडदा काळा झाला.

त्यानंतर तिकडून अवाक्षर आलं नाही. प्रेमदासनं माफी मागितली. नव्या ड्रमचे फोटो पाठवले. एकदा नुसतंच "जेवल्या का?" असंही विचारून पाहिलं. निरोप वाचल्याच्या निळ्या खुणा उमटत, उत्तर येत नसे. आपल्या एका शब्दापायी गुलाब-अश्वजितच्या घरच्या चुली विझणार, हे त्याला दिसत होतं. शेवटी त्यानं गुलाब आणि अश्वजितला बोलावून सांगितलं, पोरांनो, दुसरं काम पाहून ठेवा. अश्वजित उगाच वेल्डिंगची केबल गुंडाळत बसला.

त्याच दुपारी शेडसमोर ऑटो थांबला. प्रेमदासनं मान वर न करता सांगितलं, "काम बंद हाय, भाऊ."

ऑटो गेला नाही. अन्नपूर्णानं त्याला कोपरानं ढोसलं, तेव्हा त्यानं वर पाहिलं. दारात एक ठेंगणीशी बाई उभी होती. केस धुळीनं माखलेले. नागपूरहून बसली ती चुकीच्या गाडीत, जाम गावच्या चौकात उतरून विचारत विचारत इथवर आली, हे ऑटोवाला अन्नपूर्णाला रंगवून सांगत होता. प्रेमदासला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. त्यानं घाईघाईनं शर्टाची बटणं लावली, तीही एक सोडून एक.

लानबाईंनी पिशवी खाली ठेवली, पर्समधून फोन काढला आणि त्यात दोन शब्द बोलल्या.

"क्षमा असावी," फोन पुस्तकी मराठीत म्हणाला, "तुमच्या रीतीप्रमाणे मी काहीच कळवलं नाही."