बायकांची वेळ

वाफेतून एक म्हातारी चाचपडत आली आणि सुलभाच्या पुढ्यातल्या दगडावर पाठ करून बसली. खांद्यावरून तिनं वाळलेलं घोसाळं मागं धरलं.

"घे. स्वल्प जोरानं घास."

आपण वेगळ्याच कुणीतरी आहोत, असं सांगायला सुलभानं तोंड उघडलं होतं. पण सहा महिन्यांत तिच्याशी इतक्या हक्कानं मराठीत कुणी बोललं नव्हतं. राज्यांची फेररचना झाली आणि बेळगावहून तिची बदली बेंगळुरातल्या मुलींच्या शाळेत झाली. विषय इतिहास. त्याच आठवड्यात तिनं रोमन लोकांच्या स्नानगृहांचा धडा घेतला होता. गरम पाण्याची दालनं, गार पाण्याचे हौद, आणि आंघोळीपेक्षा गप्पांसाठीच जमणारी माणसं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली होती, "मिस, शिवाजीनगरला हमाम आहे की. शनिवारी दुपारी बायकांची वेळ असते."

म्हणून ती आली होती. पण इथं जी ती कुणाला ना कुणाला घेऊन आलेली. मायलेकी, जावा-जावा. एकमेकींच्या पाठी चोळत होत्या, डोक्यावर तांब्ये ओतत होत्या, मोठमोठ्यानं हसत होत्या. सुलभा अर्धा तास भिंतीकडेला बसून होती. तिच्या बादलीतलं पाणी निवत चाललं होतं.

तिनं घोसाळं घेतलं आणि घासायला लागली. पाठ हाडकुळी होती, मणकान् मणका हाताला लागत होता.

"बोलू नकोस माझ्याशी, सरी, चालेल," म्हातारी कानडी शब्द मिसळत म्हणाली. "पण ऐक. काल मी 'जा' म्हणाले ते रागाच्या भरात म्हणाले, चंपे."

सुलभाचा हात थांबला.

"थांबू नको. तोंडावर मला बोलता येत नाही, म्हणून तर पाठ केलीय. फत्तेसिंगाला जाऊन वर्ष झालं. लेकच राहिला नाही, तर सुनेला अडवणारी मी कोण? पण उद्याच्या गाडीनं तू माहेरी गेलीस की मी दिवसभर भांडू कुणाशी? नको जाऊस गं. सून म्हणून नको. अशीच राहा."

मी चंपा नव्हे, एवढं म्हटलं की झालं असतं. पण भरल्या हमामात म्हातारीला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. आणि गप्प राहावं, तर जिच्यासाठी बोलणं होतं तिच्या कानी ते कधी पडणारच नव्हतं. सुलभानं घोसाळं हलकेच म्हातारीच्या हाती दिलं आणि ती पडद्याबाहेर आली.

बाकावर तिशीतली एक बाई कोरड्या कपड्यांचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. रडून डोळे सुजलेले.

"चंपा तुम्हीच का?"

"हो. का बरं?"

"तुमच्या सासूबाईंनी वाफेत मला तुम्ही समजून पाठ घासायला लावली. आणि म्हणाल्या, जाऊ नकोस."

"आत्याबाई म्हणाल्या? आमच्या?"

"सून म्हणून नको, अशीच राहा म्हणाल्या."

चंपानं गाठोडं बाजूला ठेवलं, पदर खोचला आणि ती आत गेली.

सुलभा पडद्याशी उभी राहिली. आत पाणी ओतल्याचा आवाज आला. मग म्हातारीचा.

"हात गं एवढे गार कसे झाले तुझे?"

"मी बाहेर बसले होते, आत्याबाई. आत्ताच येतेय."



"मग मघाशी कोण होतं?"

"असेल कुणीतरी. मला निरोप पोचला ना, झालं तर मग," चंपा म्हणाली. "हलू नका. नीट बसा."

सुलभानं पायात चपला सरकवल्या. डोक्यावरून एक तांब्याही घेतला नव्हता. तरी रस्त्याला लागल्यावर तिनं अंबाडा सोडला आणि नुकतंच न्हाऊन आलेल्या बाईसारखे केस पाठीवर मोकळे टाकून ती बसथांब्याकडे चालू लागली.